पाळणाघराची फी कमी ठेवायची, तर बाकीचा खर्च कोणी द्यायचा?

मागच्या अंकात कामावर जाणाऱ्या आयांबद्दल या सदरात थोडंसं लिहिलं होतं आणि त्यावर जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांतून इतकी पत्रं आलीत की या वेळी दुसरा विषयच घेत नाहीये. सगळी पत्रं छापणं शक्य नाही. निवडक घेतलीत, थोडी कापून, आणि नावं मुद्दामच काढलीत.

प्रश्न : मी भुसावळला राहत्या घरात पाळणाघर चालवते. १४ मुलं आहेत, बरीचशी रेल्वेत नोकरी करणाऱ्यांची, दोन-तीन नर्सबाईंची. महिन्याला अडीच हजार घेते, हाताखाली एक मावशी आहेत. परवा एका पालकांनी सगळ्यांसमोर सुनावलं की सरकारने पाळणाघराची फी २०० रुपयांच्या वर घ्यायची नाही असा नियम केलाय आणि तुम्ही लुटताय. असा नियम आहे का? आणि असेल तर मग सरकार मला काही देतं का?

ताई, आधी सरळ उत्तर. तुमच्यासारख्या घरगुती, खासगी पाळणाघराला सरकारने फीची मर्यादा घातलेली नाही. तुम्ही अडीच हजार घेता त्यात बेकायदेशीर काहीच नाही, त्यामुळे मान खाली घालून बोलायचं कारण नाही.

त्या पालकांनी जे वाचलंय ते राष्ट्रीय पाळणाघर योजनेचं असणार. आधी तिचं नाव राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना होतं, २००६ पासून चालू होती, २०१७ च्या जानेवारीपासून ती राज्यांकडे दिली आणि नावही बदललं. त्या योजनेत पालकांकडून किती घ्यायचे ते ठरलेलं होतं. दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब असेल तर मुलामागे महिन्याला २० रुपये, आईबापाची मिळून कमाई १२ हजारांपर्यंत असेल तर १०० आणि त्याच्या वर असेल तर २००. म्हणजे २०० चा आकडा खोटा नाही, पण तो सरकारी पैशावर चालणाऱ्या पाळणाघराचा आहे, तुमच्या नाही.

आता हा हिशोब जरा करूनच बघू, कारण सगळं भांडण इथेच आहे. त्या योजनेत एका पाळणाघरात २५ मुलं, सगळी गरीब घरातली धरली तर फीचे महिन्याला जमले ५०० रुपये. खर्च काय, तर सेविकेचं मानधन ३००० आणि मदतनिसाचं १५००, आणि खाऊपिऊला मुलामागे दिवसाला १२ रुपये म्हणजे २५ मुलांचे २६ दिवसांचे ७८००. झाले १२ हजार ३००, यात जागेचं भाडं नाही, गॅस नाही, साबण-फिनाईल नाही, तापाचं औषध नाही. फीतून ५०० आले, बाकीचे ११ हजार ८०० वरून यायला हवेत. केंद्राने ६० टक्के, राज्याने ३०, आणि उरलेले १० टक्के चालवणाऱ्या संस्थेने घालायचे असं ते ठरलेलं होतं. कागदावर छान आहे. पण एखाद्या छोट्या संस्थेने दर महिन्याला दहा टक्के कुठून आणायचे, आणि वरचा हप्ता उशिरा आला की मधले महिने कसे काढायचे, फी तर वाढवता येत नाही! मग सगळा भार सेविकेवर येतो. तीन हजार रुपये म्हणजे रोजचे ११५ पडतात, त्यापेक्षा वावरात गेलं तर जास्त मिळतात, म्हणून चांगली बाई टिकत नाही, बाई टिकली नाही की आया मुलं काढून घेतात. एके काळी देशात या योजनेची २३ हजारांच्या वर पाळणाघरं होती, २०२० पर्यंत साडेसहा हजारांच्या आसपास राहिली. कारणं बरीच असतील पण पैशाची ही ओढाताण त्यात मोठी आहे असं मला ठामपणे वाटतं.

म्हणून फीची मर्यादा ही गोष्ट चांगलीच आहे, गरीब आईला तिच्याशिवाय दार उघडत नाही, पण मर्यादा घालणाऱ्याने उरलेले पैसे वेळेवर टाकले पाहिजेत. तुमच्याकडे तर कोणी एक रुपया टाकत नाही, मग २०० चं बंधन तुम्हाला कोणत्या तोंडाने सांगणार?

तुमचा दुसरा प्रश्न, सरकार काही देतं का. घरगुती खासगी पाळणाघराला थेट अनुदान देणारी तरतूद त्या जुन्या योजनेच्या जागी आलेल्या सध्याच्या 'पाळणा' योजनेत नाही, तो पैसा अंगणवाडीला जोडलेल्या किंवा सरकारमार्फत चालणाऱ्या पाळणाघरांसाठी आहे. मुद्रा योजनेतून शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळू शकतं, पण ते कर्ज आहे, फेडायचं आहे, पाळणे-गाद्या घ्यायच्या असतील किंवा खिडक्यांना जाळ्या बसवायच्या असतील तर विचार करा, महिन्याचा खर्च भागवायला काढू नका.

पैसे येण्याचा एक रस्ता मात्र आहे आणि तो कोणी सांगत नाही. ५० किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करावी लागते, आणि ती सोय स्वतःच बांधून द्यावी असं नाही, बाहेरच्या खासगी पाळणाघराशी किंवा संस्थेशी ठरवून, दोन-चार कंपन्यांनी मिळूनसुद्धा करता येते. तुमच्या आसपास असा दवाखाना, शाळा, कारखाना, शोरूम असेल तर लेखी प्रस्ताव घेऊन जा. मुलामागे इतके, वेळ ही, माणसं इतकी, जागा एवढी. तुमच्या नर्सबाईंच्या फीतला वाटा त्यांच्या दवाखान्याने उचलला तर त्यांचाही भार कमी होईल आणि तुम्हालाही दुसरी मावशी ठेवता येईल. १४ मुलांना दोन माणसं चालतात, पण त्यातली दीड-दोन वर्षांची किती आहेत ते बघा. तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक माणूस तरी हवंच.

आणि पालकांना जमाखर्च दाखवा. भाडं, दूध, मावशींचा पगार, एका कागदावर लिहून भिंतीला लावा, पावती द्या, फी वाढवायची असेल तर दोन महिने आधी सांगा. ज्याला खरंच जमत नाही त्याच्यासाठी एखादी जागा कमी पैशात ठेवावीशी वाटली तर ठेवा, पण ती तुमची इच्छा, कोणाचा हक्क नाही.

प्रश्न : जळगाव एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. आम्ही सगळे मिळून साठ-सत्तर जण, बाया पंचवीसच्या आत असतील, निम्मे ठेकेदाराकडून. साहेब म्हणतात बाया तीसच्या वर असतील तरच पाळणाघर द्यावं लागतं. माझी मुलगी दीड वर्षाची आहे, शेजारणीकडे ठेवते, ती महिन्याला १५०० घेते.

साहेब सांगताहेत तो आकडा १९४८ च्या फॅक्टरी कायद्यातला आहे, त्यात तीसपेक्षा जास्त बाया असा निकष होता. पण २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्यात निकष बदलला, बाया किती ते नाही, एकूण माणसं ५० किंवा त्याहून जास्त असतील तर पाळणाघर. १ जुलै २०१७ पासून ते लागू आहे. आता सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून आली, त्यातही ५० चाच आकडा कायम आहे. आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊन यायची मुभा, तिची आरामाची वेळ धरून, हेही त्यातच लिहिलंय. ठेकेदाराची माणसं वेगळी असं म्हणून सुटता येऊ नये, केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत रोजंदारीच्या आणि कंत्राटी माणसांनाही ही सोय द्या असं आहे.

एकटी जाऊन साहेबांशी वाद घालू नका, नोकरीचा प्रश्न आहे हे मला कळतं. पाच-सहा जणी मिळून साधा अर्ज द्या, पोच घ्या, आणि अर्जात भांडणाची भाषा नको, उपाय लिहा, की आमच्या पलीकडच्या दोन कारखान्यांसोबत मिळून एक पाळणाघर करता येईल. महिना-दोन महिने वाट बघून काहीच हललं नाही तर कामगार आयुक्तांच्या जळगावच्या ऑफिसात तोच अर्ज पोच जोडून द्यायचा. कायद्याने दिलेली सोय आहे, मेहेरबानी मागत नाही आपण.

प्रश्न : मी यावल तालुक्यातली, कॉलेजला आहे, वहिनीसाठी लिहितेय. ती केळीच्या बागेत नाहीतर कापूस वेचायला जाते. दादा ट्रकवर. पोरगा दोन वर्षांचा. अंगणवाडी दुपारी सुटते आणि तीन वर्षांखालच्याला तिथे बसवून घेत नाहीत. आजी रोज म्हणते, "पोरले वावरमा कितला दिन लई जाशी?" गावात सरकारी पाळणाघर मिळू शकतं का?

तुझ्या आजीचा प्रश्न अख्ख्या खान्देशाचा आहे गं. बांधावर लिंबाला झोळी बांधून पोर झोपवायचं आणि ओळ संपली की धावत बघून यायचं, मधे साप-विंचू, फवारणीचा वास, उन्हाळ्यात ४४-४५ डिग्री. हे सोडवायला जे सरकारी उत्तर आहे त्याचं नाव 'पाळणा', केंद्राच्या मिशन शक्तीमधली योजना, जुन्या पाळणाघर योजनेच्या जागी आलेली. अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं, सहा महिने ते सहा वर्षांची मुलं, एका ठिकाणी २५ पर्यंत, महिन्याला २६ दिवस, रोज साडेसात तास. यात सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आई कुठे नोकरीला आहे याची अट नाही. तुझ्या वहिनीकडे पगाराची स्लिप नाही, ओळखपत्र नाही, तरी तिचं मूल बसतं.

पैशाचंही जुन्यापेक्षा बरं आहे. संस्थेचा तो दहा टक्क्यांचा वाटा गेला, केंद्र ६० आणि राज्य ४०. महाराष्ट्रात २०२५ मध्ये याला मंजुरी मिळाली तेव्हा पाळणा सेविकेला ५५०० आणि मदतनिसाला ३००० मानधन ठरलं, शिवाय मूळ अंगणवाडी सेविकेला १५०० आणि तिच्या मदतनिसाला ७५० भत्ता. माझं मत विचारशील तर साडेसात तास २५ लहान लेकरं सांभाळणाऱ्या बाईला ५५०० सुद्धा कमीच आहेत, हे काम नुसतं राखण बसण्याचं नाही, भरवणं, धुणं, झोपवणं, वजन करणं, आजारी पोर ओळखणं सगळं आलं त्यात.

अडचण संख्येची आहे. पहिल्या टप्प्यात राज्याला मिळाली ३४५ पाळणाघरं. जिल्ह्यांवर वाटली तर एका जिल्ह्याला सरासरी दहाही येत नाहीत, आणि राज्यात अंगणवाड्या लाखाच्या वर. म्हणजे आपोआप तुमच्या गावात येईल असं धरून बसू नका, मागावं लागेल, आणि मागायची पद्धत आहे.

आधी यादी कर. तुला लिहितावाचता येतं, हे काम तूच घे. गावात सहा महिने ते सहा वर्षांची किती मुलं, त्यातल्या किती जणांच्या आया मजुरीला जातात, किती वाजता गाडी घ्यायला येते, किती वाजता परत सोडते. वेळ नक्की लिही, कारण बाया सकाळी आठला निघून पाचला येत असतील आणि पाळणाघर दहाला उघडणार असेल तर काही उपयोग नाही. वेळ गावातल्या आयांच्या कामाप्रमाणे ठेवायची असते, हे जुन्या योजनेच्या सूचनांतही होतं, ते सेविकाताईंशी आधीच बोलून घ्यायचं. मग ग्रामसभेच्या आधी जी महिला सभा होते तिच्यात विषय मांडायचा, ठराव करून घ्यायचा, आणि यादी न् ठराव मिळून पंचायत समितीत बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे, एक प्रत जिल्हा परिषदेच्या महिला व बालविकास विभागाला. पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही.

योजना येईपर्यंत काय? ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करावे लागतात. तो पैसा बऱ्याच गावांत कशावर जातो ते एकदा ग्रामसभेत विचार. हंगामापुरतं, कापूस वेचणीच्या तीन महिन्यांपुरतं का होईना, दुपारनंतर एका बाईला मानधन देऊन मुलं बसवता आली तर सुरुवात होईल. बागायतदारांनाही विचारा, मजूर मिळत नाही म्हणून तेही रडत असतात, लेकरांची सोय झाली तर बाया वेळेवर येतील हे त्यांना पटायला अवघड नाही.

प्रश्न : अमळनेरहून लिहितोय, निवृत्त शिक्षक आहे. लेक-जावई कॅनडात, टोरांटोजवळ. नात नऊ महिन्यांची. लेक सांगते तिथे सरकारने पाळणाघराची फी दिवसाला २२ डॉलर अशी बांधून दिलीय, पण वर्ष होत आलं नंबर लागत नाही. फी कमी आहे तर जागा का नाही? आणि आपल्याकडे असं का होत नाही?

नाना, तुमच्या लेकीची अडचण आणि वर भुसावळच्या ताईंची अडचण, दोन्ही एकाच गाठीची टोकं आहेत.

कॅनडात क्युबेक प्रांताने १९९७ मध्येच दिवसाला ५ डॉलरचं पाळणाघर सुरू केलं होतं, २००४ मध्ये ते ७ डॉलर झालं. मग २०२१ मध्ये केंद्र सरकारने सगळ्या देशासाठी योजना आणली, पाच वर्षांत ३० अब्ज डॉलरपर्यंत पैसा, आणि मार्च २०२६ पर्यंत फी सरासरी दिवसाला १० डॉलरवर आणायचं ठरवलं. तुमची लेक राहते तो ऑन्टारिओ प्रांत यात सगळ्यात शेवटी आला, मार्च २०२२ मध्ये. १ जानेवारी २०२५ पासून तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त २२ डॉलर अशी मर्यादा आहे. पण ही मर्यादा योजनेत सामील झालेल्या पाळणाघरांनाच लागू आहे, जे बाहेर राहिले ते आपल्या दराने घेतात. लेकीला हे आधी विचारायला सांगा. आणि २२ डॉलर हे मूळ फीचे, उशिरा न्यायला आलं तर दंड किंवा सहलीचे पैसे वेगळे लागू शकतात.

जागा का नाही, तर फी उतरली की ज्या आया आधी परवडत नाही म्हणून घरी होत्या त्यांनीही नाव घातलं, रांग वाढली, पण खोल्या आणि शिकलेल्या बाया त्या वेगाने वाढल्या नाहीत. तिथे मुलांमागे माणसांचं प्रमाण कडक असतं, बाई नसेल तर खोली रिकामी असूनही मूल घेता येत नाही. म्हणून सरकारने तिथल्या प्रशिक्षित शिक्षिकांचा किमान पगारही ठरवला, ऑन्टारिओत २०२४ मध्ये तासाला २३.८६ डॉलर, आणि तो दरवर्षी वाढवायचा. चालकांचीही तक्रार होती की फी गोठवली पण भाडं, जेवण, पगार वाढतच गेले, तेव्हा २०२५ पासून पाळणाघराचा खरा खर्च किती येतो ते बघून पैसे द्यायची पद्धत आणली. म्हणजे फी बांधली, पगार बांधला आणि खर्च भरून द्यायचं ठरवलं, हे तिन्ही करूनसुद्धा जागा कमी पडतायत. लहान मुलं सांभाळणं हे स्वस्तातलं काम नाही हे त्यातून दिसतं.

लेकीला सांगा एकाच ठिकाणी नाव घालून थांबू नको, जवळच्या सगळ्या सामील केंद्रांत घाल, घरगुती पण परवानाधारक एजन्सीच्या पाळणाघरांतही, तिथेही ही योजना चालते. आणि जावयाचं-तिचं उत्पन्न कमी असेल तर नगरपालिका किंवा रीजनकडून (तिथली जिल्ह्यासारखी स्थानिक संस्था) वेगळी सबसिडी मिळते, तिचा अर्ज वेगळा करावा लागतो.

आपल्याकडे का नाही, याचं माझं उत्तर असं आहे की आपण फीचा आकडा ठरवला पण सेविकेचा पगार मानधन म्हणूनच ठेवला. अंगणवाडीच्या बायांना अजून कर्मचारी म्हणत नाहीत, मानसेवी म्हणतात. जोवर हे काम नोकरी म्हणून मोजत नाही तोवर २५ मुलांचं पाळणाघर ३४५ गावांच्या पलीकडे न्यायला बाया मिळणं कठीण जाईल. तुम्ही शिक्षक होतात, तुमच्या शब्दाला गावात वजन आहे, तुमच्या भागातल्या आमदारांना आणि जिल्हा परिषदेला हे लिहाल का? निवृत्त माणसांनी हे प्रश्न हातात घेतले तर फार बरं होईल.

प्रश्न : धुळे. मुलाच्या डे-केअरची फी इन्कम टॅक्समध्ये दाखवता येते का?

निव्वळ सांभाळायच्या, म्हणजे पाळणाघराच्या फीवर वजावट नाही. प्ले-ग्रुप, नर्सरीची शिकवण्याची फी मात्र चालते, दोन मुलांपर्यंत, ८०सी च्या (नव्या आयकर कायद्यात कलम १२३) दीड लाखाच्या मर्यादेत, आणि तेही जुनी करपद्धत घेतली असेल तरच. तुमचं डे-केअर आणि नर्सरी एकाच ठिकाणी असेल तर ट्यूशन फीची पावती वेगळी मागून घ्या.

प्रश्न : शहादा तालुका. आम्ही दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातला जातो, दोन लहान पोरं सोबत. इथल्या अंगणवाडीतून मिळणारं तिकडे मिळतं का? पाळणाघर तर लांबच.

दादा, मिळायला हवं, आणि त्यासाठी निघण्याआधी एक काम करा. तुमच्या अंगणवाडी सेविकाताईंना सांगा की अमुक तारखेला निघतोय, अमुक तालुक्यात चाललोय. पोषण ट्रॅकरवर, म्हणजे अंगणवाडीच्या नोंदीच्या ॲपवर, मुलाचं नाव दुसऱ्या अंगणवाडीला जोडता येतं, आणि आपल्या राज्याचीही स्थलांतरितांची नोंद ठेवायची वेगळी सिस्टीम आहे, तिच्यात तुमची नोंद करून घ्या. मुलांचं आधार, लसीकरणाचं कार्ड, आणि शेवटचं वजन लिहिलेला कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईच्या जवळ ठेवा. तिकडे पोचल्यावर पडावावर, टोळीच्या मुक्कामावर, वाट बघू नका, पहिल्या आठवड्यातच मुकादमाला घेऊन जवळची अंगणवाडी शोधा, गुजरातीत तिला 'आंगणवाडी'च म्हणतात, कोणीही दाखवेल. पोरगं वजनात कमी असेल तर ते आधी सांगा, म्हणजे त्याला वेगळा आहार लागतो हे त्यांना कळेल. टोळीत तोडीला न जाणारी एखादी आजी असेल तर तिच्याकडे सगळ्यांची लहान मुलं ठेवून तिला प्रत्येक कोयत्यामागे, म्हणजे तोडणाऱ्या जोडीमागे, थोडे पैसे द्यायचं टोळीने उचल घेतानाच ठरवा, आणि ते मुकादमाकडून कागदावर लिहून घ्या.